आतला स्पंजसुद्धा ओरिजिनल

माझा साडू माणूस म्हणून वाईट नाही, असं माझी बायको लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. वाईट माणसाला निदान चार शिव्या हासडून मोकळं होता येतं. याच्यासमोर तोंड उघडावं, तर हा आधीच खुर्ची पुढे सरकवून "दादा, बसा ना" म्हणतो, आणि वर बायको म्हणते, बघा किती मान देतात तुम्हाला. मग मी बसतो.

त्याचं दुकान जुन्या वाद्यांचं. गिटार, बेस, अ‍ॅम्प, जे येईल ते. लोकांकडून मोडकंतोडकं पडत्या भावात घ्यायचं, घासूनपुसून चकचकीत करायचं आणि कंपनीतून आलं तसंच आहे म्हणून गळ्यात मारायचं. त्याला सगळे पॉलिश म्हणतात. त्याला त्याचं वाईट वाटत नाही, उलट दुकानाच्या पाटीवरच घालून घेतलंय. आमच्या या जुन्या मालाच्या बाजारात 'ओरिजिनल' या शब्दाला भलताच भाव आहे. स्क्रू ओरिजिनल, बटण ओरिजिनल, पाठीवरचा ओरखडासुद्धा ओरिजिनल. जे वाद्य कधी कुणी उघडलंच नाही, ते सगळ्यात महाग. ते वाजतं कसं, हा प्रश्न गिऱ्हाईक शेवटी विचारतं, तेही आठवलं तर.

मी बेस वाजवतो. हॉलमध्ये, हॉटेलात, कुणाच्या पार्टीत, आमच्या बँडला बोलावतील तिथे. लोक मला विचारतात, ही गिटार एवढी लांबलचक का, हिला चारच तारा का, आणि गाणं चालू असताना तुम्ही नक्की करता काय. एका बाईंनी तर विचारलं होतं, खरा गिटारवाला आजारी पडला तर तुम्ही असता का? मी हो म्हटलं. काय बोलणार त्यांच्याशी!

माझा बेस मी तरुणपणी असाच कुणाच्या तरी हातून उतरलेला घेतला. रंग गेलेला, कडा टवके उडालेल्या. पण आवाज! तारांच्या खाली एक ठोकळा असतो, चुंबकाला तारेचे बारीक वेढे घातलेला. त्याला पिकअप म्हणतात. तारेची थरथर तोच पकडतो आणि अ‍ॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, पाठवतो. बेसचा गळा म्हणजे तो ठोकळा. माझ्या बेसचा गळा जाड होता, थोडा घोगरा, पोटातून बोलणाऱ्या माणसासारखा. घरी सरावाला बसलो आणि सगळ्यात जाड तार छेडली, की स्वयंपाकघरात फळीवरच्या मोठ्या पातेल्याचं झाकण थरथरायला लागायचं. मग आतून बायको ओरडायची, "हळू वाजवा, झाकण उडतंय." आमच्या संसारात इतकं नेमाने झालेलं दुसरं काही नाही.

तर झालं असं, की बेसला वायर जोडतो तिथे खरखर यायला लागली. साधं काम, मीही केलं असतं. पण बायको म्हणाली, घरचा माणूस असताना कशाला हात काळे करता. दिला पॉलिशकडे. त्याने पैसुद्धा घेतली नाही. बेस परत आला तो असा लखलखीत, की मला आधी वाटलं दुसऱ्याचाच दिला. मी न विचारता पुसलेल्या वस्तूंवर चिडतोच, त्यात नवीन काही नाही. पण घरी येऊन वाजवला, आणि डोकंच फिरलं माझं. आवाज पातळ. सर्दी झालेल्या माणसासारखा नाकातून.

पॉलिशला फोन केला. तो म्हणाला, दादा, खरखर गेली ना, म्हणून तुम्हाला रिकामं वाटतंय, इतकी वर्षं कचऱ्यासकट ऐकायची सवय लागली होती. पुढच्या सरावाला मी ड्रमरला विचारलं. तो म्हणाला, तसाच तर आहे. गायिकेला विचारलं, तर तिने माझ्याकडेच विचारणा केली की या गाण्यात बेस आहे का. आठ वर्षं ते गाणं ती माझ्या शेजारी उभी राहून म्हणतेय! आणि आमचा कप्तान, म्हणजे बँड चालवणारा, त्याने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. वय होतं रे, म्हणाला, कान आधी जातात. गेले काही महिने त्याच्या डोक्यात घोळतच होतं, की खालचे सूर की-बोर्डवाल्याने डाव्या हाताने वाजवले तर एक माणूस कमी लागेल. मोठ्या हॉलचा कार्यक्रम तोंडावर आला होता. गुरुवारच्या सरावाला बघू, म्हणाला, नाही जमलं तर तू जरा आराम कर.

आराम कर! मी काय हातगाडी ओढत होतो?

खरं सांगायचं तर चिडण्याच्या खाली भीती होती. सगळे म्हणतात आवाज तोच आहे, मला एकट्याला वेगळा ऐकू येतो, तर बिघडलंय कुणाचं? मी घरात नळ ठिबकतो का ते ऐकत बसायला लागलो. दुसऱ्या खोलीतलं घड्याळ ऐकू येतंय का ते बघायचो. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, त्याने मशिनचे पीं पीं आवाज ऐकवले आणि म्हणाला, वयाच्या मानाने उत्तम. त्या 'वयाच्या मानाने'वर मी दोन दिवस धुमसत होतो. घरात कुणाशी धड बोललो नाही. मुलीने फोनवर नुसतं कसे आहात विचारलं, तर तिच्यावरही खेकसलो.

बुधवारी सकाळी मी बेस पेटीत घातला आणि बायकोला सांगितलं, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला देऊन टाक, विकू दे त्याला, माझं झालं वाजवून. ती कणीक मळत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"द्या की," ती म्हणाली. "तसंही हल्ली झाकण वाजत नाही."

मी दारातच उभा राहिलो. कधीपासून, म्हणून विचारलं. तिने हात थांबवून विचार केला. बेस दुरुस्त होऊन आल्यापासून मला ओरडावं लागलेलं नाही, म्हणाली, मला वाटलं तुम्हीच शहाणे झालात आणि हळू वाजवायला लागलात.

मी कधी हळू वाजवलंय? बाईसाहेब बेस ऐकत नाहीत, त्यांना बेस आवडत नाही, पण त्यांना माहीत होतं. मला रडू फुटायच्या बेतात होतं, म्हणून मी तिच्यावरच ओरडलो, की हे इतके दिवस सांगितलं का नाहीस! ती म्हणाली, कणीक झाकून ठेवते आणि येते, तुम्ही चपला घाला.

बेसची पेटी उचलून दुकानात गेलो, तेव्हा तिथे पॉलिश होता आणि काउंटरमागे माझी मेहुणी, म्हणजे त्याची बायको. खुर्ची पुढे आली. मी बसलो नाही. भिंतीवर बेस ओळीने टांगलेले होते, त्यातला एक नवा आलेला दिसत होता. मी त्याच्याकडे बघतोय म्हटल्यावर पॉलिशची गाडी सवयीने सुरू झाली. दादा, ही म्हणजे चीज आहे, कुणी स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही, आतला स्पंजसुद्धा ओरिजिनल, कंपनीचा, ठोकळ्याखाली होता तसाच आहे.

मी सरळ विचारलं, माझा पिकअप कुठाय. तो हसला. तुमच्या बेसातच आहे दादा, म्हणाला, आणि माझ्या बायकोकडे बघून कानाला बोट लावलं, यांचे कान जरा, अशा अर्थाने. माझ्यासमोर! हात शिवशिवले माझे. पण बायको मध्ये आली. तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं आणि पॉलिशला म्हणाली, एकेक बेस याच अ‍ॅम्पला लावा आणि फक्त जाड तार वाजवा. त्याचा हात चुकून अ‍ॅम्पच्या बटणांकडे जायला नको, म्हणून ती स्वतः अ‍ॅम्पला टेकून उभी राहिली.

मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. समोर गिटारच्या पट्ट्या लटकत होत्या, चामड्याचा वास येत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेत शिक्षा केल्यासारखा. पहिला वाजला. नाही. दुसरा माझाच, तो नाकातला. तिसरा नुसताच जोरात. वाटलं, आता चौथाही तसाच लागला, तर मी इथून बाहेर पडेन आणि पुन्हा कुणाशी कधी वाद घालणार नाही, की-बोर्डवाल्याचा डावा हात सुखी राहो.

चौथा वाजला. तारा दुसऱ्या होत्या, नव्याकोऱ्या, लाकूड दुसरं होतं. पण त्या सगळ्याच्या खालून तो माझा घोगरा आवाज आला. जवळच्या माणसाने फोनवर नुसतं 'हं' म्हटलं तरी आपण ओळखतो, तसा ओळखला मी.

"हा," मी म्हटलं आणि वळलो. त्याच्या हातात तोच होता, ओरिजिनल स्पंजवाला.

"चुकलात, दादा," तो म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला. हा तर कधी उघडलेलाच नाही, यात तुमचं काही जाईल कसं? आणि आता उघडलाच तर त्याची किंमतच गेली, घरच्यासाठीसुद्धा नाही उघडता येणार.

मी त्याच्या अंगावर जाणार होतो. खोटं नाही सांगत. पण माझी बायको अजून अ‍ॅम्पला टेकून शांत उभी होती.

"कधी उघडलाच नाही," ती म्हणाली, "तर आतला स्पंज तुम्हाला दिसला कसा?"

पॉलिश फडकं घेऊन तो बेस पुसायला लागला. मग काउंटरमागून मेहुणी उठली. तिने ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला, नवऱ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, उघडा. तिचा चेहरा बघून मला तिचं वाईट वाटलं. दुकान दोघांचं होतं आणि माझी बायको तिची एकुलती एक बहीण होती.

त्याने स्क्रू काढले. ठोकळा वर उचलला. त्याखाली चिकटलेला होता तो कंपनीचा स्पंज, हिरवा, एका कोपऱ्याला भाजलेला.

"अगं बाई," माझी बायको म्हणाली, "ही तर माझी घासणी."

तिचीच होती. पिकअप तारांच्या जवळ यावा म्हणून त्याच्याखाली काहीतरी मऊ घालावं लागतं. संसार नवा होता तेव्हा मी भांडी घासायच्या घासणीचा तुकडा कापून घातला होता, गरम तव्याला लागून भाजलेला कोपरा तसाच ठेवून. उरलेली अर्धी घासणी हातात धरून तिने त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं. आणि हा दीडशहाणा, ज्याचा अर्धा जन्म ओरिजिनल ओरिजिनल करण्यात गेला, त्याने ती घासणी कंपनीचा माल म्हणून जपून काढली, जपून दुसऱ्या बेसात बसवली आणि गिऱ्हाइकांना तिचंच कौतुक सांगत बसला! मेहुणीला हसू आलं आणि लगेच ती रडायलाच लागली.

जुन्या पिकअपला भाव येतो म्हणून त्याने माझा काढून घेतला आणि मला भलताच बसवून दिला, ती चोरी मी पचवली असती. नातेवाईक आहे, चार दिवस बोललो नसतो, मग बोललो असतो. पण त्याने मान खाली घालून जे सांगितलं ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

"दादा, तुम्हाला कळेल असं वाटलंच नाही."

लोभ सुटला म्हणाला असता तर चाललं असतं. या माणसाने मला प्रत्येक घरच्या कार्यात ऐकलंय. पुढच्या खुर्चीत बसून मान डोलावलीय. वा दादा, वा दादा केलंय. आणि त्याच्या लेखी मी इतकी वर्षं तिथे उभा राहून नुसती बोटं हलवत होतो! मी त्याला फार काही बोललो नाही. पिकअप माझ्या बेसमध्ये परत बसव, एवढंच म्हटलं, घासणीसकट. तो वायरी सोल्डर करून जोडत होता तेव्हा मी त्याच्या डोक्यावर उभा होतो, आणि शेवटी त्याने सवयीने फडकं उचललं तेव्हा माझ्या बायकोने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

त्या संध्याकाळी झाकण वाजलं. बायको ओरडली नाही. मी पुन्हा वाजवला, तेव्हा ओरडली.

गुरुवारी सरावाला गेलो. की-बोर्डवाला डाव्या हाताची बोटं मोडत बसलाच होता. मी कुणाला काही सांगितलं नाही. पहिलं गाणं झालं. ड्रमर मान हलवत होता, आज मजा येतेय म्हणाला, का येतेय ते त्याला ठाऊक नव्हतं. कप्तान माझ्याकडे आला आणि पुन्हा खांद्यावर हात ठेवला.

"बघ, म्हटलं नव्हतं? जरा घरी मेहनत घेतली की सगळं परत येतं."

म्हणजे चूक माझीच होती, आणि ती दुरुस्त झाली ती याच्या उपदेशाने! कानशिलं तापली माझी. मी हो म्हटलं. दुसरं गाणं सुरू झालं, तेच, ज्यात बेस आहे का असं गायिकेने विचारलं होतं. ती वरच्या पट्टीत चढली, डोळे मिटले, हात वर गेला. मी करंगळीने बेसचं बटण फिरवून आवाज पूर्ण बंद केला. बोटं तशीच चालू ठेवली, चेहराही तसाच.

गाण्याखालची जमीनच सरकली. गायिका घसरली आणि डोळे उघडून आजूबाजूला बघायला लागली. ड्रमर वाकून आपला मोठा ड्रम फाटला की काय ते बघत होता. की-बोर्डवाल्याने आपली वायर हलवून पाहिली. सगळं विस्कटून थांबलं, आणि कप्तान एकेका अ‍ॅम्पकडे बोट दाखवत ओरडला.

"अरे, काय बंद पडलं?"

"मी," म्हटलं. "ऐकू आलं ना?"