अहो, ताट वाढलंय

“कानावर भरवसा ठेव पोरी, पण डोळ्यांना सुट्टी देऊ नकोस.” कानकाका निरोप घेताना म्हणाले होते. मी हसून मान डोलावली आणि विसरून गेले.

कानकाका म्हणजे कालव्यावरच्या जुन्या वीजघराचे आधीचे ऑपरेटर. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि मशीनला कुठे दुखतंय ते सांगायचे. त्यांच्या जागेवर माझा नवरा आला. वीजघरामागच्या दोन क्वार्टरांपैकी एक आम्हाला मिळालं, दुसऱ्यात चौकीदाराचं कुटुंब.

मागच्या दारातून सहा पायऱ्या उतरल्या की सांडवा. मशीन चालू असलं की कालव्याचं पाणी टर्बाइनमधून जातं आणि सांडवा कोरडा. बंद पडलं की तेच पाणी सांडव्यात. म्हणजे घुमण्याचा आवाज येतोय तोवर खाली भीती नाही. मी एरवी भित्री भागूबाई, गॅस बंद केलाय का ते तीनदा बघणारी. पण त्या आवाजावर निर्धास्त होते. माझी तीन वर्षांची लेक सांडव्यात गोटे मांडून दुकान लावायची, मी वर कपडे वाळत घालता घालता गिऱ्हाईक व्हायचे.

वीजघराला शंभर वर्षं झाली तशी बघायला माणसं येऊ लागली. नवऱ्याला नवा गणवेश मिळाला. “म्हातारीमुळे आम्ही नवरदेव झालो,” मशीनवर थाप मारून ते म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी चादर पिळत होते.

“बाई, कांदे घेता का?” लेकीनं खालून विचारलं.

“ताजे आहेत का?”

“कालचे ताजे आहेत!”

मला हसू फुटलं. मशीन घुमतच होतं. आणि त्या घुमण्यातून माझाच आवाज आला, “अहो, ताट वाढलंय!”

मी तोंड उघडलं नव्हतं. भाजीसुद्धा चिरायची होती अजून.

महिन्यापूर्वी मी वीजघराच्या दारातून अशीच हाक मारली होती. नवऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं होतं, दुसऱ्या हातात मोबाइल. “साहेब होते फोनवर,” असं नंतर सांगितलं होतं.

चादर टाकून मी धावले. पाणी वळणावरून आलंच होतं. लेकीला उचललं तेव्हा ते माझ्या गुडघ्यांना लागलं. तिची एक चप्पल गेली, सगळं दुकान गेलं.

तशीच ओलीचिंब वीजघरात शिरले. टर्बाइन गप्प होतं. भिंतीवरची स्पीकरची पेटी घुमत होती. समोर सहा-सात पाहुणे.

“बेअरिंग तापलं गं. बंद करावं लागलं, आणि ही मंडळी दारात,” नवरा मला बाजूला घेत कुजबुजला. “मला वाटलं, ती झोपली असेल.”

“कितव्यांदा वाजवताय हे रेकॉर्डिंग?”

“तिसऱ्यांदा. तू उगाच घाबरतेस, म्हणून बोललो नाही.”

तेवढ्यात पेटीतून मी पुन्हा जेवायला हाक मारली. एक पाहुणी कौतुकानं म्हणाली, “किती खरं वाटतं नाही?”

“अरे, पोर होती खाली!” मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला ‘अरे’ म्हणाले. नंतर ‘अहो’ तोंडात आलंच नाही.

आता लेकीला घेऊन आईकडे आहे. काल त्याचा फोन आला. “तुझं समाधान होईल असं केलंय. पेटीतला तुझा आवाज काढून टाकला.”

समाधान! सावध करणारं तेवढंच एक होतं त्यात.

चौकीदाराच्या सुनेचं बाळ नुकतंच चालायला लागलंय. तिचा फोन लागत नाही, आणि निरोप द्यायचा तर नवऱ्याच्याच हाती. तो काय सांगेल, मला ठाऊक आहे. तुम्ही कधी ते वीजघर बघायला गेलात, तर मशीन नंतर बघा. आधी मागे जा, बाळ कुठे आहे ते बघा, आणि तिला एवढंच सांगा की आवाज येत असला तरी पाणी येतं.