कबूल केलेली बंदूक

“टिनाची पाहिजे म्हटलं ना मी! टिकली फुटते ते. हे काय साबणाची डबी दाखवून राहिले मले?”

रामाजींनी प्लॅस्टिकचं लाल पिस्तूल काउंटरवर आपटलं, तेवढ्यात बळीराम धापा टाकत दुकानाच्या पायऱ्या चढला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून सुटून तो घरी पोचला तर दार सताड उघडं आणि खाट रिकामी. शेजारच्या रुखमाबाई गल्लीतच उभ्या होत्या. “मी भाकरी टाकून राहिली होती रे, तेवढ्यात गेले बुढेबाबा. सकाळपासून इतवारीत जातो म्हणून राहिले होते.” इंदोऱ्याच्या वस्तीपासून इतवारीच्या बाजारापर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस अनवाणी चालत आला होता.

“बाबा, चला घरी.”

रामाजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही कोन भाऊ?”

दुकानदार ओमप्रकाश उगाच गल्ल्यावरची धूळ पुसू लागला.

“थांबा जरा,” रामाजी समजुतीच्या सुरात म्हणाले. “मले पोरासाठी बंदूक घ्याची हाय. कबूल केलं हाय मी त्याले. बळीराम नाव हाय त्याचं.”

वडील आपल्याला ओळखत नाहीत याची त्याला गेल्या वर्षभरात सवय झाली होती. कधी ते त्याला गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम समजत, कधी घरमालक. पण बंदुकीचं आजच ऐकत होता. तीस वर्षांत त्या गोष्टीचा एका शब्दानंही उल्लेख घरात झाला नव्हता. वडील ते कधीच विसरले असतील असं तो धरून चालला होता, आणि खरं तर तोही विसरला होता.

छप्पन साल होतं. बळीराम तेव्हा नऊ वर्षांचा. दिवाळी जवळ आली की इतवारीतल्या दुकानांपुढे दोरीला टिनाच्या बंदुका टांगलेल्या असत. निळ्या, हिरव्या, मुठीवर घोड्याचं चित्र काढलेल्या. गल्लीतल्या एका मुलानं त्याला आपल्या बंदुकीतली एक टिकली फोडू दिली होती. एकच. तो ठो आवाज, मुठीतून हाताला बसलेला झटका आणि नाकात गेलेला फटाक्याच्या दारूचा वास, त्यापायी तो दोन रात्री झोपला नाही. शेवटी भीत भीत वडिलांना म्हणाला. रामाजी गिरणीतून थकून आले होते, तरी हसले. “घेऊ दिवाळीले,” म्हणाले.

मग दसऱ्याला रामाजी पांढरी वस्त्रं घालून बायको-मुलासकट दीक्षेच्या मैदानावर गेले. लाखो माणसांत उभं राहून त्यांनी नवा धम्म स्वीकारला. घरी आल्यावर कोनाड्यातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. त्या दिवसांत वडिलांची मान कशी ताठ झाली होती, हे बळीरामला अजून दिसे. तीन आठवड्यांनी दिवाळी आली. गल्लीत फटाके वाजू लागले. “बाबा, बंदूक?” त्यानं विचारलं. रामाजी म्हणाले, “आता आपली दिवाळी नाही, बाबू.” एवढंच. बळीराम पुन्हा कधी त्याबद्दल बोलला नाही. पुढच्या वर्षी त्यानं स्वतःच ठरवून टाकलं, की आपण आता बंदूक खेळण्याइतके लहान नाही.

रिक्षात बसवून त्यानं वडिलांना घरी आणलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळ झाली की रामाजी उठत, टोपी घालत आणि दाराची कडी चाचपत. “इतवारी बंद होऊन जाईन ना! सोडा मले. पोरगं वाट पाह्यत असंन.” रुखमाबाई म्हणाल्या, “एकदाची आणून दे ना रे ते बंदूक. बुढ्याचा जीव अडकला हाय तिच्यात.”

रविवारी बळीराम निघाला. सीताबर्डीच्या मोठ्या दुकानात चावीवर चालणारी माकडं होती, सेलवर धावणाऱ्या मोटारी होत्या आणि दिवा लागणाऱ्या, कुईकुई करणाऱ्या बंदुका होत्या. टिनाची म्हटल्यावर विकणारी मुलगी हसली. महालात एकानं माळ्यावर शोधून सांगितलं, “चार वर्षांआधी होत्या दोन. गंजल्या, फेकून देल्या.” गांधीबागेत फूटपाथवर खेळणी मांडून बसलेल्या बाईनं त्यालाच विचारलं, “काहून गा, अजून भेटते का ते?”

त्याला स्वतःचंच नवल वाटलं. वीस वर्षं पार्सल ऑफिसात दिवाळीच्या आधी दिल्लीहून येणारी खेळण्यांची खोकी त्याच्याच सहीनं सुटत होती. पूर्वी ती उतरवताना आत टिन खणखणे आणि एका खोक्याला दोन हमाल लागत. अलीकडे एकच हमाल दोन खोकी डोक्यावर घेऊन पळत सुटे. वजनाचा आकडा रोज लिहीत असूनही आत काय नाहीसं झालं, हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

फिरून फिरून तो ओमप्रकाशकडेच आला.

“माल कवाचा बंद झाला भाऊ,” ओमप्रकाश म्हणाला. “टिकल्या भेटतीन, बंदूक नाही. बनवणारेच उठले.” मग जरा थांबून म्हणाला, “तुमचे वडील ना ते? मागच्या गल्लीत देवाजी टिनवाला बसते. पहले तोच देत होता आम्हाले. इचारून पाहा.”

देवाजी सत्तरीचा होता. जाड भिंगाचा चष्मा, त्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. भोवती नरसाळी, रॉकेलच्या चिमण्या, पिंपातून तेल काढायची मापं. बंदुकीचं नाव काढताच त्यानं हातोडी खाली ठेवली.

“साचा भंगारात देल्ला म्या. काठ लागून लेकराचा हात कापला, का त्याची माय दुकानात भांडाले येई. मंग दुकानदारानं घेनंच सोडलं. कोनासाठी पाहिजे?”

“मुलासाठी.”

“केवढा हाय?”

“नऊ वर्षांचा.”

देवाजीनं त्याच्या पांढऱ्या होऊ लागलेल्या कानशिलांकडे पाहिलं. कोपऱ्यातून तुपाचा रिकामा डबा ओढला आणि कात्री चालवायला सुरुवात केली. साचा नव्हता, पण हाताला सगळं आठवत होतं. बंदुकीच्या दोन बाजूंची दोन पाखं कापली, ठोकून फुगवली, कडा आत दुमडल्या. टिकलीवर आपटणाऱ्या घोड्यासाठी जाड पट्टी घेतली, जुन्या टॉर्चमधली स्प्रिंग बसवली. मग कानस घेऊन प्रत्येक काठावरून इतका वेळ फिरवत राहिला, की बळीराम म्हणाला, “बस झालं बाबा.”

“नाही गा. लेकराच्या हातात जाईन.”

तयार झाल्यावर त्यानं बंदूक पुढे केली. “वाजवून पाहा.”

ओमप्रकाशकडून घेतलेली टिकल्यांची डबी बळीरामनं उघडली. एक लाल टिकली घोड्याखाली ठेवली. गल्लीकडे नळी करून चाप ओढला. ठो! हाताला झटका बसला, बारीकसा धूर निघाला आणि तो वास आला, अगदी तोच. एकोणचाळीस वर्षांचा बळीराम त्या दुकानात बंदूक हातात धरून तसाच उभा राहिला. हे कुणाला तरी सांगावं, असं त्याला फार वाटलं. पण सांगणार कुणाला? आई जाऊन बारा वर्षं झाली होती, बायको सुमती जाऊन सहा. मूलबाळ नव्हतं. देवाजीनं तेवढ्यात चष्मा काढून काच पुसायला घेतली होती.

घरी रामाजी टोपी घालून उंबऱ्यावर बसले होते. रुखमाबाईंनी दार अडवून धरलं होतं. बळीरामनं बंदूक वडिलांच्या हातात ठेवली.

म्हाताऱ्यानं ती उलटसुलट करून पाहिली. घोडा ओढून पाहिला, काठावरून अंगठा फिरवला. चेहरा हळूहळू सैल झाला. “हे पाहा! हेच म्हनून राहिलो होतो मी. कुठं भेटली भाऊ?”

“इतवारीत.”

“लय उपकार झाले.”

रुखमाबाई डोळ्याला पदर लावून आत गेल्या. बळीराम वडिलांपुढे उकिडवा बसला. “बाबा, मीच बळीराम,” तो म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

रामाजींनी बंदूक झटकन छातीशी धरली. “नाही नाही. तुम्ही मोठे मानूस हाय भाऊ. लेकराची वस्तू हाय ते.” मग आपलं वागणं त्यांनाच जरा तुटक वाटलं असावं. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी बंदूक त्यात नीट गुंडाळली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “त्याचं असं हाय. आम्ही धम्म घेतला ना, त्या साली मी त्याले नाही म्हटलं. धम्माचं बराबर होतं. त्याच्यात काही चुकलं नाही माह्यं. पन त्या पोट्ट्याले बसून समजवाचं होतं ना मले. तसंच झटकून टाकलं. बाकीच्या दिवसाले आनली असती तरी काय झालं असतं? रोज इतवारीवरून गिरणीत जात होतो.”

“रडला असेल तो,” बळीराम म्हणाला.

“रडला असता त बरं झालं असतं गा. नाही रडला. उगाच माह्याकडे पाह्यत राहिला अन् मंग खेळाले निघून गेला. त्या दिवसापासून त्यानं मले काहीच मागतलं नाही. कधीच नाही.”

“त्यानं मनात नाही ठेवलं बाबा.”

“तुमाले काय मालूम?” रामाजी म्हणाले.

गल्लीत ऊन उतरलं होतं. लांब कुठेतरी कुणीतरी वेळेआधीच लवंगी फोडत होतं. म्हाताऱ्याची पाठ भिंतीला टेकली, डोळे जड झाले, पण दुपट्ट्यावरची बोटं सुटली नाहीत.

“कुठंसा राह्यला हा,” ते पुटपुटले. “भाऊ, बसता का जरा? मले झपकी लागली अन् तो आला, त मले उठवा.”

“उठवतो,” बळीराम म्हणाला. तो उंबऱ्यावर सरकून त्यांच्या शेजारी बसला आणि गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहिला.