खाली माणसं असताना उचललेला बोया

मी एक जुना नारिंगी बोया आहे, मित्रांनो. माझा रंग आता विटला आहे आणि अंगभर चरे पडले आहेत. केपटाऊनजवळच्या एका कारखान्यात वितळलेल्या प्लॅस्टिकपासून मी घडलो. आधी शेवंडे पकडायच्या पिंजऱ्यांवर तरंगलो. मग चार्ल नावाच्या नावाड्याने मला आपल्या होडीवर घेतले. तो पाणबुड्यांना भर समुद्रातल्या बुडालेल्या खडकावर न्यायचा. माझ्या दोराला बांधलेले लोखंडी वजन त्या खडकावर टाकले, की मी वर डोलत राही. पाणबुडे माझा दोर धरून उतरत आणि तोच धरून परतत. वर येताना मी दिसलो, की त्यांचा जीव भांड्यात पडे. त्या गार पाण्यात मला दुसरे सुख नव्हते, आणि मला ते पुरेसे होते.

फेरियाल ही पाणबुड्यांची शिक्षिका. निघण्यापूर्वी ती किनाऱ्याच्या वाळूत खडकाचे चित्र काढून दाखवायची. त्या सकाळी तिच्यासोबत लोयिसो होता, तिचा विद्यार्थी. भर समुद्रातली ही त्याची पहिलीच बुडी होती.

“दोरापासून लांब जायचं नाही,” ती काडीने रेघ ओढत म्हणाली. “भरपूर हवा शिल्लक असतानाच मागे फिरायचं. आणि चार्ल, आग्नेयेचा वारा सुटला तर इंजिन जोरात वाजवा, आम्ही लगेच वर येऊ. पण बोयाजवळून हलायचं नाही.”

“बाई, बुडी मारायला निघालोय की लढाईला?” चार्ल खो खो हसला.

“हसू नका. मागच्या वेळी तुम्ही हलला होतात.”

चार्लचा चेहरा उतरला. त्याचा गडी दाविद गालातल्या गालात हसला, तेही चार्लने पाहिले.

खडकावर मला टाकले. “ताई, हात सोडू नकोस हं,” लोयिसो म्हणाला, आणि दोघे माझ्या दोराने खाली उतरले. थोड्या वेळाने दूरवर समुद्रपक्षी पाण्यावर तुटून पडू लागले. माशांचा मोठा थवा आला होता. चार्लने माझा दोर ओढायला घेतला.

“मालक, खाली माणसं आहेत!” दाविद म्हणाला.

“असू देत. वर येऊन बोया दिसला नाही की फाटेल बाईची. मग कळेल आखणी कशाला म्हणतात ते. चार मासे धरू आणि येऊ.”

दाविदने पुढे होऊन दोर ओढायला हात लावला. मी ओला, होडीच्या तळाशी पडून राहिलो. ते मासे धरत असतानाच आग्नेयेचा वारा सुटला. आम्ही परतलो तेव्हा होडीतल्या जागा दाखवणाऱ्या यंत्रावर खडक सापडला, माणसे मात्र सापडली नाहीत. लाटांनी त्यांना केव्हाच वाहून नेले होते. चार्ल हाका मारत फिरला. मग त्याने चाकू काढला, माझा दोर कापला आणि वजनासकट समुद्रात सोडून दिला.

“दोर तुटला. बोया वाहत गेला, म्हणून आपण चुकलो. तो मागून सापडला. कळलं?”

दाविदने होकारार्थी मान डोलावली.

दुपारी एका मासेमारी होडीला फेरियाल सापडली. तिची बोटे लोयिसोच्या खांद्याच्या पट्ट्यात इतकी आवळली होती, की ती सोडवताना कोळ्यांनाही रडू आले. लोयिसो लाटांचे पाणी पिऊन कधीच गेला होता. तिला इस्पितळात नेले.

धक्क्यावर चार्लने सगळ्यांना तुटलेल्या दोराची गोष्ट सांगितली. तिथे लोयिसोची आई नोमाखाया आली. ती रडत नव्हती.

“कुठाय तो बोया?”

चार्लने डोळे पुसत मला दाविदच्या हातात दिले. “आई, हाच तो,” दाविद पुटपुटला.

तिने पायातली चप्पल काढली आणि ती मला मारू लागली. “एकच काम होतं ना रे तुला? माझ्या पोराला सोडून कुठं गेलास? सांग, कुठं गेलास?”

मारता मारता ती खाली बसली. तिच्या पाठीवर चार्लने हात ठेवला. “या जुन्या वस्तूंचा भरवसा नसतो, आई,” तो म्हणाला. दाविदने मला घट्ट धरून ठेवले होते, म्हणजे तिला मारता यावे.

आता होडीवर नवा बोया आहे. मी चार्लच्या शेडमागे खिळ्याला टांगलेला असतो. फेरियाल सगळ्यांना सांगत राहिली, की दोर तुटणारा नव्हता. पण ती तेव्हा पाण्याखाली होती, तिला काय ठाऊक, असे लोक म्हणाले. मित्रांनो, खाली माणसे असताना कुणी गमतीने दोर उचलू लागला, तर त्याचा हात धरा. तेव्हा जमले नाही, तर निदान नंतर तरी बोला. मला तोंड नव्हते. दाविदला होते.