वहिनींचा हिसका

सासऱ्यांची ती जुनी काळी गाडी ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. वहिनींनी ती इतकी वर्षं चालवली होती की पायाने ब्रेक दाबताना हात आपसूक स्टिअरिंगला उजवीकडे हिसका द्यायचे. गाडी सरळ थांबायची. कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार केली वाहन तपासनिसाने. मातीत उमटलेल्या चाकांच्या खुणा पाहून तो म्हणाला, "बाई, गाडी ब्रेकने थांबते, पण सरळ ठेवताय तुम्ही. दुरुस्त करून आणा, नाहीतर रस्त्यावर आणायची परवानगी नाही."

घरी दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, निकाल आधीच लावून टाकला. पुन्हा नापास झाली, तर गाडी कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला द्यायची. त्याला ती दारात उभी करून तिच्यात फुलांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या.

"कुंड्या," वहिनी म्हणाल्या आणि जेवण अर्धवट टाकून उठल्या.

दुरुस्ती नणंदेने अंगावर घेतली. घरच्या छापखान्यातली यंत्रं तीच सांभाळायची. या गाडीच्या ब्रेकला तेल नाही की नळ्या नाहीत. पेडलपासून लोखंडी दांड्या चारी चाकांकडे जातात. एखादी जास्त ताणली गेली, की ते चाक आधी धरतं. नणंदेने गाडी जॅकवर उचलली, सांधे पुसून ग्रीस लावलं आणि पेडल व सीट यांच्यात दादांची छत्री अडकवून ब्रेक अर्धा दाबून ठेवला. मग एकेक चाक हाताने फिरवून पाहिलं. पुढचं उजवं सहज फिरलं, डावं जागचं हलेना.

"चोर सापडला," गाडीखालून आवाज आला.

"माझी छत्री सापडली का?" दादांनी दारातून विचारलं.

डावी दांडी सैल आणि उजवी ताठ करत करत तिने दोन्ही चाकं सारखी जड केली. मग वहिनी आवारात गाडी घेऊन निघाल्या, ब्रेक दाबला, आणि गाडी उजवीकडे वळून शेजाऱ्यांच्या रिकाम्या खोक्यांत घुसली.

"वन्सं, तुम्ही ब्रेक बिघडवलेत."

"ब्रेक सुधारलेत, वहिनी. तुझे हात राहिलेत."

वहिनींनी हात आवरायचा पुष्कळ प्रयत्न केला. पुटपुटत केला, ओठ चावून केला. हिसका काही जाईना. शेवटी शेजारी खुर्ची घेऊन बाहेर बसले आणि खोकी पुन्हा रचून देऊ लागले. घरात दुसऱ्या कुणाकडे लायसन्स नव्हतं.

तपासणीच्या दिवशी नणंद शेजारी बसली. मैदानात तपासनीस चुन्याच्या रेघेपाशी उभा होता. वहिनींनी स्टिअरिंग इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. गाडीने वेग घेतला. रेघ जवळ आली, वहिनींचा पाय ब्रेककडे सरकला, तेव्हा नणंद खिडकीबाहेर पाहत शांतपणे म्हणाली, "खरं सांगू, वहिनी? हिच्यात कुंड्या शोभतील."

"काय म्हणालात?" वहिनींनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले, कारण हातवारे केल्याशिवाय त्यांना भांडता येत नसे. "सासऱ्यांच्या गाडीत कुंड्या? तुमच्या सख्ख्या वडिलांच्या गाडीत? लाज नाही वाटत?"

पाय मात्र आपलं काम करून मोकळा झाला होता. गाडी रेघेवर उभी होती.

तपासनिसाने वाकून खुणा पाहिल्या. दोन्ही बाजूंच्या सरळ, पट्टीने आखल्यासारख्या. तो खिडकीशी आला. "पास. पण दोन्ही हात सोडून? ब्रेकवर एवढा विश्वास मी कुणाचा पाहिला नव्हता."

"ब्रेकवर कसला, यांच्यावर होता," वहिनी नणंदेकडे बोट दाखवत म्हणाल्या. मग 'पास' हा शब्द त्यांच्या डोक्यात शिरला, आणि त्या डोळे पुसावे लागेपर्यंत हसत राहिल्या. नणंदेने काचेवरची धूळ उगाचच पुसली.

घरी परतताना पहिल्याच चौकात लाल दिवा दिसला.

"वन्सं," वहिनी घाईने म्हणाल्या, "काहीतरी लागट बोला. लवकर."