निनिंगच्या कबरीवरचं फूल

लेकीच्या कबरीवर फूल आलेलं पाहून ओनाहला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. पाण्याची झारी बाजूला ठेवून ती मटकन खाली बसली आणि त्या एवढ्याशा फुलाला म्हणाली, "आत्ता होय रे तुला सवड झाली?"

झाड हळदीच्या कुळातलं. पानं वर मिरवतात आणि फूल खाली, मातीतूनच डोकं काढतं. फिकट पिवळं, ओठाशी लाल ठिपका. पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत विरघळल्यासारखं होऊन जातं. पान उचलून पाहिलं नाही तर दिसायचंही नाही. पण या फुलापायी जावा बेटावरच्या बोगोरमधल्या सरकारी बागेतला तुआन, म्हणजे साहेब, फेनस्ट्रा वेडा व्हायचाच बाकी राहिला होता, आणि त्या कबरीत निजली होती ती त्याचीच मुलगी.

हे तुआनला ठाऊक नव्हतं. म्हणजे मुलगी तिथं आहे हे ठाऊक होतं, फूल तिथं आहे हे नव्हतं. बागेच्या मागच्या फाटकातून निघून ओढा ओलांडला की कबरस्तान. एवढं अंतर माणूस पान खात खात चालून जातो. पण निनिंग गेल्यापासून तुआनचे पाय तिकडं वळले नव्हते.

फेनस्ट्रा हॉलंडचा. झाडं ओळखायची, वाळवायची, त्यांना दोन शब्दांचं लॅटिन नाव द्यायचं आणि ते पुस्तकात छापून आणायचं, हा त्याचा धंदा. वस्तीतले लोक त्याला फूलतुआन म्हणत. ओनाह त्याच्या घरात आली ती न्याई म्हणून. न्याई म्हणजे गोऱ्या माणसाचं घर सांभाळणारी बाई. सगळं सांभाळायचं, फक्त त्याचं नाव लावायचं नाही. माणूस वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. त्यानं हात कधी उगारला नाही, ताटातलं अन्न कधी भिरकावलं नाही. ताप आला की ओनाहच्या उशाशी स्वतः काढा घेऊन बसायचा. पण निनिंग झाली तेव्हा कचेरीत जाऊन 'ही माझी' एवढी एक सही त्यानं करायला हवी होती, ती त्याच्या हातून कधी झाली नाही. पुढच्या महिन्यात जाऊ, पाऊस थांबला की जाऊ, मोठे साहेब आले की विचारू. सही झाली असती तर कायद्यानं पोर पूर्णपणे त्याची झाली असती आणि कागदावर आई उरलीच नसती. हे कळूनही ओनाह त्याच्या मागं लागली होती. आईचं काय, आई कागदावाचूनही आईच असते. बापाला मात्र कागद लागतो.

तेव्हा पोर बापाला 'तुआन'च म्हणायची, जसं माळी म्हणत, धोबीण म्हणे. डोंगरात दोघंच असली की तो तिला खांद्यावर घ्यायचा. घरी गोरे पाहुणे आले की तिनं स्वयंपाकघराच्या पुढं यायचं नाही, असा दंडक होता.

सात वर्षांची झाली तेव्हा तो तिला डोंगरावर घेऊन गेला. तिथं एका उतारावर त्याला हे झाड सापडलं, तेही नुसत्या पानांचं. खालून जांभळं, मखमलीसारखं मऊ पान, मधोमध पांढरा पट्टा. त्यानं पानं कागदात दाबून आणली. निनिंगनं मात्र मातीसकट एक गड्डा उपटला आणि झग्याच्या ओच्यात लपवून थेट घरी आणला. झाडाला तिनं 'मांजरकान' असं नावही ठेवलं होतं. तुआनला द्यायचं म्हणून धावत पुढच्या ओसरीवर गेली, तर तिथं पाहुणे बसलेले. "तुआन, बघा," एवढंच ती म्हणाली. त्यानं वरही न बघता हातानं मागं जा अशी खूण केली. पोर गेली मागं. ओनाहनं गड्डा फुटक्या मडक्यात लावला आणि मडकं न्हाणीच्या भिंतीशी ठेवलं. तिथं तुआन कशाला जातोय?

त्याच आठवड्यात पोरीला ताप चढला आणि तो उतरलाच नाही. डोंगरातलाच ताप, असं सगळे म्हणाले. वस्तीनं आपल्या रीतीनं तिला पुरलं. तुआन त्या दिवशी झाडं वाळवायच्या खोलीत दार लावून बसला होता. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते, हे ओनाहनं पाहिलं होतं. ते तिनं त्याच्या बाजूनं धरून ठेवलं. आज ना उद्या येईल, असं स्वतःला समजावत राहिली. मडक्यातलं झाड तिनं कबरीवर लावलं, आणि ते फुटत, पसरत राहिलं.

इकडं तुआननं काय केलं? नुसत्या पानांवरून झाडाचं वर्णन छापलं. नवीच जात आहे म्हणून सांगितलं, आपल्या जुन्या गुरूचं नाव तिला दिलं. फुलावाचून जात ठरवायची म्हणजे चेहरा न बघता सोयरीक ठरवण्यासारखं. हॉलंडमधले पंडित हसले. फूल आणा, मग बोलू म्हणाले. तुआन परत डोंगरावर गेला, तर उतार सगळा साफ करून तिथं चहा लावलेला. मग दरवर्षी तो नवे डोंगर धुंडाळू लागला. गुडघे गेले, यकृत गेलं, झोप गेली. त्याच्या टेबलावर भिंतीला लावलेलं वाळकं पान ओनाह रोज पुसत होती. पहिल्याच दिवशी तिनं ते ओळखलं होतं. पण नुसती पानं तर त्याच्याकडंही होती, म्हणून सांगण्यासारखं काही नव्हतंच. आता होतं.

कबरस्तानाची राखण आबाह जुम्हाना करी. म्हातारा, तोंडात दात मोजकेच, पण जीभ धारदार. ओनाहनं त्याला पान उचलून फूल दाखवलं आणि सगळी हकिगत सांगितली. म्हातारा पोटभर हसला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा. सांगून टाक की त्याला."

"नाही सांगणार."

"अगं पोरी, चार दिवसांत तो बोटीत बसणार. कायमचा जाणार. मग काय दर्याला सांगशील?"

"येऊ दे ना त्याला पोरीसाठी, आबाह. एकदा. फुलासाठी तर कुणीही येईल."

आबाह आपल्या कामाकडं वळला. त्यानं बाजूच्या कबरीवरचा माजलेला गवताचा झुबका उपटण्याआधी सवयीनं त्या कबरीला सांगितलं, "शेजारी जुम्हाना आलाय हो," आणि मगच हात घातला. त्या वस्तीची रीतच ती. कबरीवरचं गवताचं पातंसुद्धा न्यायचं तर आत निजलेल्याला नाव घेऊन मागायचं, आणि आपलं नातं सांगायचं. ओनाह रोज येताच म्हणे, 'निनिंग, आई आलेय.' एकदा एका तरुणाला सासूच्या कबरीवरच्या झाडाची जांभं, ती पाणीदार लाल फळं, हवी होती. पण 'तुमचा जावई आलोय' म्हणायची त्याची छाती झाली नाही, इतकं ते दोघं हयातीत भांडले होते. जांभं झाडावरच नासली. आबाह ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगून लोकांना हसवत असे.

तुआनला आजारपणामुळं सक्तीनं निवृत्त केलं होतं. घरात पेट्या भरायचं काम चाललं होतं. ओनाहनं वाळवलेल्या झाडांचे गठ्ठे बांधून दिले, त्याचे सदरे घडी केले, आणि दुसऱ्या दिवशी कॉफी देताना सांगितलं, जाण्याआधी निनिंगला एकदा भेटून जा. तो हो म्हणाला. लगेच म्हणाला, त्यामुळंच तिला धीर आला. दुपारी रोजच्यासारखा पाऊस आला, आणि त्यानं उद्या म्हटलं. उद्या कुणी साहेब निरोप द्यायला आले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो टोपी घालून फाटकापर्यंत गेलासुद्धा. ओनाह मागोमाग. फाटकाशी तो थबकला, ओढ्याच्या पलीकडं बघत राहिला, मग दम लागला म्हणून परतला. दम खरंच लागला होता की नाही, देव जाणे.

ती रोज कबरीवर जाऊन पान उचलून पाहत होती. एक फूल विरघळलं की दुसरं येत होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी एकच कळी उरली होती, टचटचीत फुगलेली.

निघायच्या दिवशी पहाटे तुआन टेबलाशी बसला होता. बंदराकडं जाणारी गाडी दुपारची. समोरचा भात निवून गेला तरी त्यानं घास घेतला नव्हता. भिंतीवरचं वाळकं पान काढून त्यानं हातात धरलं होतं, आणि बोलता बोलता त्याचा आवाज फाटला.

"तीस वर्षं इथं काढली, ओनाह. माझं म्हणावं असं एकच होतं. तेही अर्धं राहिलं."

आणि तो रडला. लहान मुलासारखा, नाक पुसत रडला.

एकच! ओनाह उठून स्वयंपाकघरात गेली, चुलीपुढं उभी राहिली, परत आली. राग तर असा आला होता की पेट्यांना काडी लावावी. पण रागाच्या तळाशी दुसरंच काही बसलं होतं. हा आज गेला की गेला. पोरीला बाप पुन्हा कोणत्याच कारणानं भेटणार नाही. आईनं मान राखायचा, आणि त्याची किंमत पोरीनं द्यायची? फुलासाठी येईना का, पण येऊ दे.

"तुमचं फूल निनिंगच्या कबरीवर आलंय, तुआन," ती म्हणाली. "उठा. दुपारपर्यंत राहणार नाही."

तो उठला नाही, उडालाच. टोपी विसरला, काठी विसरली. फाटकातून ओढ्यापर्यंत, ओढ्याच्या फळीवरून पलीकडं, चढ चढून कबरस्तानात. दम कुठं गेला होता कोण जाणे. कबर कुठली हे मात्र त्याला माहीत नव्हतं. तो गोंधळून चहूकडं बघू लागला, तेव्हा मागून आलेल्या ओनाहनं बोट दाखवलं.

तो गुडघ्यांवर बसला. पान उचललं. शेवटची कळी उमलली होती. त्याच्या तोंडून हुंदका फुटला, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, ओनाहला वाटलं की तो लेकीसाठीच आहे. मग त्यानं खिशातून भिंग काढलं. आणि मग चाकू.

"थांबा," आबाह म्हणाला. तो झाडाखालून उठून पुढं आला होता. "इथं तसं नेत नाहीत, तुआन. मागावं लागतं. तिचं नाव घ्या, कोण मागतंय ते सांगा. नातं सांगा."

ओनाहला ती झाडावरच नासलेली जांभं आठवली. आता हा काय सांगणार? इतक्या वर्षांत, दोन माणसं ऐकत असताना, त्यानं तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

फेनस्ट्रानं नजर फुलावरून हलवलीही नाही. "निनिंग," तो म्हणाला, "मी तुझा बाप. हे मला दे."

अडखळला नाही. आवाज कापला नाही. वाण्याकडं मीठ मागावं तसा सरळ बोलून गेला.

वर झाडात कुठलासा पक्षी ओरडत होता. ओनाह त्याच्या पांढऱ्या मानेकडं पाहत होती.

"इतकं सोपं होतं, तुआन?" तिनं विचारलं.

आधी त्याला कळलं नाही. चाकू मातीत शिरलासुद्धा होता. मग कळलं. हळूहळू कळलं, आणि चाकू होता तिथंच राहिला. त्यानं मान वर केली. तो तिथंच मातीत बसला. ऊन चढत होतं. फुलाची कड पारदर्शक होऊ लागली होती.

त्याच्या हातून आता काही व्हायचं नाही हे ओनाहला दिसलं. तिनं चाकू घेतला. "निनिंग, आई आलेय," म्हणाली, आणि गड्ड्याभोवती गोल माती कापली. मूळ तुटू दिलं नाही. पान, फूल, गड्डा, सगळं अख्खं काढून तिनं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या. तिनं तुमच्यासाठीच आणलं होतं डोंगरावरून, ओच्यात घालून. तुमच्याकडं पाहुणे होते तेव्हा."

त्याला ती दुपार आठवली की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तो झाड कवटाळून उठला. कबरीकडं वळला, काही बोलावं असं त्याला वाटत असावं. पण नातं तर सांगून झालं होतं, आणि तो शब्द दुसऱ्यांदा काढायला त्याला जमलं नाही. मग तो खाली मान घालून ओढ्याकडं उतरला. फूल विरघळायच्या आत कागदात दाबायला हवं होतं.

दुपारी गाडीची शिटी कबरस्तानापर्यंत ऐकू आली. ओनाह स्टेशनावर गेली नव्हती. कबरीच्या मधोमध भला मोठा खड्डा पडला होता. उद्या लाल पानांचं हांजुआंग लावू, सगळ्यांच्या कबरींवर असतं तसं, असं आबाह म्हणाला आणि कुदळ आणायला गेला. ओनाहनं थांबायला नको म्हणून हातांनीच माती लोटायला सुरुवात केली. खड्डा भरला, तिनं वरून थोपटलं. लेकीला झोपवताना थोपटायची तसा हात चालू राहिला.

"निनिंग," ती म्हणाली, "बाप येऊन गेला हं बाळा."

कशासाठी आला होता, ते तिनं सांगितलं नाही.