बैल हे निरीक्षण नव्हे

दुकानात शिरायचे पैसे मिळतात हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी पोट धरून हसले होते. आम्हाला दुकानातून बाहेर काढायला पगारी माणसं ठेवलेली असतात, आणि इथे कोणीतरी आत जायला पगार देत होतं.

जाहिरात फोनवर आली होती. पुण्याची कुठलीशी कंपनी. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं, आपण कोण ते कळू द्यायचं नाही, सगळं नीट बघायचं आणि बाहेर येऊन रिपोर्ट लिहायचा. नोकरांनी विचारपूस केली का, माल दाखवला का, की जांभया देत बसले? याला म्हणतात मिस्टरी शॉपर. कॉलेजात हा विषय असता तर मी पहिली आले असते. पण काम द्यायच्या आधी त्यांना नमुन्याचा एक रिपोर्ट हवा होता. तो दमदार निघाला तर आपण पॅनेलवर, म्हणजे त्यांच्या यादीत, नाहीतर बसा घरी.

मी करिश्मा. कासू स्टेशनपासून आत आमची कातकऱ्यांची वाडी आहे. माझी आई येसू पावसाळ्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून रोह्याच्या बाजारात विकते. भाऊ रवी धाटावला कंपनीत कंत्राटावर आहे. मी वाडीतली पहिली ग्रॅज्युएट, म्हणजे वाडीतली सगळ्यात शिकलेली बेकार. रवीने माझ्यासाठी पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं. गणपतीपर्यंत या रिपोर्टाचं काही जमलं नाही, तर मुकाट्याने त्याच्या मागोमाग कंपनीच्या बसमध्ये चढायचं, असं ठरलं होतं. पॅकिंगला माझी ना नव्हती. पण मला एकदा तरी दुकानात असं शिरायचं होतं, की आत यायचा हक्क माझा आहे आणि तो कोणाच्या बापाला काढून घेता येत नाही.

त्यातच रवीचा साखरपुडा ठरला आणि आईला साडी घ्यायची होती. आमची साडी घ्यायची एक रीत आहे. मी आत जाते. आई चिंबोऱ्यांची पाटी घेऊन पायरीखाली बसते. मी दारात येऊन साडी लांबून दाखवते, ती मान हलवते. आत ये म्हटलं की स्वतःच्या पायांकडे बघते आणि म्हणते, "भायेर बरी हाय मी." मला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून ती बाहेरच बरी आहे.

पहिला रिपोर्ट हरेशकाकाने लिहिला. दोनदा दहावी नापास झालेला हा माणूस आमच्या वाडीचा वकील. रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळ्यांचे अर्ज त्याच्याच हातचे.

"काका, हा अर्ज नाय, रिपोर्ट हाय," मी सांगितलं.

"कागुद सायबाकडं जानार हाय ना?" काका म्हणाला. "मंग तो अर्जच."

आणि त्याने झोकात सुरुवात केली. विषय : गुप्त गिऱ्हाईक या पदावर नेमणूक होणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करते की, मी अर्जदार अत्यंत गरीब कुटुंबातील असून आमच्या वाडीत नळ आहे परंतु पाणी नाही. सबब मला दुकानात जाण्याची परवानगी मिळावी.

शेवटी त्याने अंगठा मागितला. मी सही केली तर त्याचा चेहराच उतरला. "सहीनं काम व्हत नाय गो. दया येत नाय बघनाऱ्याला."

कंपनीतून प्रतिक्षा मॅडमचं उत्तर आलं. पाण्याच्या प्रश्नाबद्दल वाईट वाटलं, पण या रिपोर्टात दुकान कुठे आहे?

प्रश्न रास्त होता. म्हणून मी रोह्याला 'शुभांकित कलेक्शन'मध्ये गेले. काचेचं दार, थंडगार हवा, वर मजल्यावर साड्या. दारातून पाय आत टाकला तोच एक ढेरपोट्या माणूस माझ्या पुढ्यात उभा. शर्टावर नाव होतं सुजय. "काय पाहिजे?" असं त्याने तीनदा विचारलं. मी म्हटलं, बघते. मग मी कुर्ते बघितले, तो मागे. मी ओढणीला हात लावला, त्याने ती पुन्हा घडी घालून जागेवर ठेवली. मी वर गेले, तो वर आला. मी थांबले की तोही थांबायचा आणि छताकडे बघायचा. तिकडे बाकीच्या बायका "अहो भाऊ, जरा इकडे दाखवा" करून घसा फोडत होत्या, त्यांच्याकडे ढुंकून बघायला कोणी नव्हतं. निघताना दारात त्याने माझी पिशवी उघडायला लावली. आत डबा आणि छत्री होती. कॉलेजातल्या पोरींसारखेच माझे कपडे, बोलायला लागले तर त्याच्यापेक्षा शुद्ध बोलेन, तरी मी कातकऱ्यांची आहे हे यांना कळतं कसं ते देव जाणे.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. परतीच्या गाडीत बसून मी फोनवर रिपोर्ट लिहिला आणि कासू यायच्या आत पाठवूनही दिला. पहिलंच वाक्य होतं : या दुकानात सुजय नावाचा एक बैल पाळलेला आहे.

प्रतिक्षा मॅडमचं उत्तर शांत होतं. तुमच्या भाषेत जोर आहे. पण रिपोर्टात फक्त निरीक्षण असावं. 'बैल' हे निरीक्षण नव्हे, ते मत आहे. 'नालायक', 'ढेरपोट्या' आणि 'याचं वाटोळं होवो' हीसुद्धा मतं आहेत. काय पाहिलं, काय ऐकलं, तेवढंच लिहावं. सोबतची प्रश्नावली भरून पाठवा. ही शेवटची संधी.

'ढेरपोट्या'बद्दल मी भांडू शकले असते, पोट टेपने मोजता येतं. पण ही शेवटची संधी होती. दोन दिवस राग खाली बसू दिला आणि मग प्रश्नावली घेऊन बसले. म्हटलं, यांना निरीक्षणच हवंय ना, घ्या निरीक्षण. वाचणाऱ्याला आपोआप कळेल आमच्याशी कसे वागतात ते.

कर्मचाऱ्याने किती वेळात दखल घेतली? दारातच. काय हवं ते विचारलं का? होय, तीन वेळा. ग्राहकासोबत राहिला का? होय, दोन्ही मजल्यांवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ग्राहकाने हाताळलेला माल लगेच नीट लावला का? होय, प्रत्येक वेळी. निघताना दारापर्यंत आला का? होय. सामान उचलायला मदत केली का? नाही.

एकही विशेषण नाही. हरेशकाकाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "यात तर तू मेलीस का जित्ती हायस, त्याचाबी पत्ता लागत नाय."

दुसऱ्या दिवशी फोनच आला.

"करिश्मा मॅडम, काय सुंदर रिपोर्ट आहे!" प्रतिक्षा मॅडम आनंदाने फुटायच्या बेतात होत्या. "आणि दुकान किती छान! आमच्याकडे पुण्यात तासभर उभं राहिलं तरी कोणी विचारत नाही हो. तुमच्या शुभांकितला पंच्याण्णव टक्के पडलेत. आजवर इतके कोणाला पडले नव्हते."

मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत बसले. मग राहवलं नाही. "मॅडम, तो माझ्या मागे फिरत होता, कारण त्याला वाटलं मी चोरी करीन."

"तो तसं म्हणाला का?"

"म्हणाला नाही."

"मग ते तुमचं मत झालं," प्रतिक्षा मॅडम म्हणाल्या. वाईट बाई नव्हती ती. आवाजात कळवळा होता. पण तिच्या प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता.

पुढे म्हणाल्या, पॅनेलवर घ्यायच्या आधी आणखी एक भेट लागेल. त्याच दुकानात, या वेळी घरातलं कोणीतरी सोबत घेऊन. सामान उचलायला मदत करतात का, ते नीट बघायचं, त्याचेच गुण गेले आहेत. अट एकच, मदत मी स्वतः मागायची नाही. ही भेट नीट झाली की काम माझं.

घरातलं कोणीतरी म्हणजे कोण, ते मला तिथल्या तिथे कळलं होतं.

"मी नाय," आई म्हणाली.

"आये, कंपनीची अट हाय. तू नाय आलीस तर माझं काम जातंय."

आईने चुलीत लाकूड सारलं. "सोमवारी बाजार उरकल्याव येईन," ती म्हणाली. "पन पाटी ठेवायला मला घराकडं धाडू नको."

सोमवारी पाऊस पडून गेला होता. पाटीत अजून अर्ध्या चिंबोऱ्या शिल्लक होत्या, वर सागाची पानं झाकलेली. पायरीपाशी आल्यावर आई सवयीने खाली बसायला वाकली. मी तिचा दंड धरला. काम राहिलं बाजूला, आता आई इथून मागे फिरली तर ती पुन्हा कधीच आत येणार नाही याची भीती वाटत होती.

आईने आपल्या पायांकडे बघितलं. मग तिने आतल्या फरशीकडे बघितलं. पांढऱ्या फरशीवर सगळ्या गिऱ्हाइकांच्या चपलांचा चिखल उमटला होता. आई चढली.

सुजय हजर होताच. "मावशी, पाटी बाहेर ठेवा."

"भायेर ठेवली नि कोनी चोरली तं?" आईने विचारलं.

चोर आतून बाहेर जातो एवढंच त्याला शिकवलेलं. तो बाजूला झाला आणि नेहमीप्रमाणे आमच्या मागे लागला. आई दोन पावलं चालली, तो दोन पावलं चालला. जिन्यात मी मागे वळून बघितलं, तो छताकडे बघत होता. साड्यांच्या काउंटरपाशी आई थांबली आणि सरळ त्याच्याकडे वळली.

"का रं बाबा, तुला दुसरं काम नाय?"

सुजय गडबडला. वरच्या गल्ल्यावर बसलेले शेठ बघत होते, चार बायका बघत होत्या. "तसं नाही मावशी. शेठनी सांगितलंय, सोबत राहायचं."

"सोबत राह्याचं व्हय? मंग धर." आणि आईने पाटी त्याच्या हातात दिली.

त्याने ती घेतली. कोणी काही हातात दिलं की माणूस घेतो, त्याने विचार केला तो नंतर. तोवर पानांखाली खुडबुड सुरू झाली होती आणि एक नांगी वर येऊन त्याच्या शर्टाच्या गुंडीचा अंदाज घेत होती. सुजयने पाटी अंगापासून लांब धरली.

"हालवू नको, चवताळतात," आई म्हणाली. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि काउंटरवरच्या साडीला हात लावला. दोन्ही हात. मी माझ्या आईला साडी अशी दोन्ही हातांनी चाचपताना कधी बघितलंच नव्हतं, कायम एक हात पाटीवर असायचा. मला एकदम भरून आलं आणि ते लपवायला मी एका पुतळ्याचा पदर नीट केला.

आईने मग हात आखडता घेतला नाही. ही उलगडा, ती उलगडा, काठ दाखवा, उजेडात धरा, ही नको, ही म्हातारीची. काउंटरवर ढीग पडला. सुजयने मध्येच पाटी हळूच खाली टेकवायला घेतली, तर आई मागे न बघताच म्हणाली, "खाली नको रं, फरशी घान व्हईल." शेठ गल्ल्यावरून बघत होते, पण बोलणार काय? सोबत राहायला त्यांनीच सांगितलं होतं.

आईने हिरवी साडी घेतली, लाल काठाची. पैसे तिने तिच्या कमरेच्या पिशवीतून दिले. सुजय पाटी घेऊन आमच्यामागे जिना उतरला, दारापर्यंत आला. माझी पिशवी तपासायची राहून गेली, त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. पायरीवर त्याने पाटी आईला परत दिली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मावशी, कशा दिल्यात?" आईने त्याला चार चिंबोऱ्या पानात बांधून दिल्या, भावात एक रुपया सोडला नाही.

स्टेशनाकडे चालताना मी म्हटलं, "आये, तो मागं का फिरतो म्हाईत हाय ना तुला?"

"मला नाय म्हाईत तर कोनाला?" ती म्हणाली. "पन मागं फिरनाऱ्याचं हात रिकामं कशाला ठेवायचं?" थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाली, "दुकान गार हाय गो. येवढी वर्सं आपुन उगाच उनात बसलो." मला राग आला, तिचा नव्हे, त्या सगळ्या वर्षांचा. पण ती साडीची पिशवी छातीशी धरून पुढे चालत होती आणि खुशीत होती, म्हणून मी पाटी माझ्याकडे घेतली.

घरी येऊन प्रश्नावली भरली. सामान उचलायला मदत केली का? होय. साडीच्या काउंटरपासून दारापर्यंत पाटी कर्मचाऱ्याने उचलली. मी मागितली नव्हती. याच्यापुढे काही लिहिलं नाही, सगळं मत झालं असतं.

गणपतीच्या आधी निरोप आला. मी पॅनेलवर होते, आणि शुभांकितला शंभर टक्के. पहिलं काम पेणला, चपलांच्या दुकानात. रवीला सांगितलं, बसमधली जागा दुसऱ्या कोणाला दे. आई अंगणात जाळं सुकत घालत होती. तिला निरोप वाचून दाखवला, तिने पूर्ण ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "पाटी भरलेली आनू का रिकामी?"