वॉल्टच्या कोटाखालचे हेल्मेट

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, माझा आवाज आता पोकळ येतो, लांबून ऐकू जायचा नाही. आज मी तुम्हाला एका भीतीची गोष्ट सांगणार आहे. शेवटपर्यंत बसलात तर तुमच्याकडे एक मागणेही मागणार आहे.

मी एक जुने हेल्मेट आहे. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या आयर्नबोट्स नावाच्या संघाचे. आमचे गाव मोठ्या सरोवराच्या काठचे. पोलादाचे कारखाने बंद पडल्यावर छाती फुगवून बोलायला त्या गावाकडे आमच्याशिवाय काही उरले नव्हते. म्हणून आम्ही हरलो की गावाला ते सोसत नसे.

माझा जन्म साच्यातला. बाहेरून कठीण कवच, तोंडावर लोखंडी जाळी, आत मऊ गाद्या. संघाचे सामान सांभाळणाऱ्या वॉल्ट म्हाताऱ्याने त्या गाद्यांत हवा भरली आणि मला ऑर्लँडो पिकेटच्या डोक्यावर बसवले. मग जाळी धरून गदागदा हलवले.

"कान दाबतायत का रे, डोंगरा?"

"कान नाही, अक्कल दाबली जातेय."

"मग आतमध्ये भरपूर जागा असणार," वॉल्ट म्हणाला.

ऑर्लँडो रांगेच्या मधोमध उभा राही. वाकून चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून धावून येणाऱ्या धिप्पाड गड्याला अडवायचे, हे त्याचे काम. प्रत्येक डावाचा पहिला धक्का त्याला, म्हणजे मला. त्याच्या डाव्या हाताला हॅल्वर लिंडक्विस्ट असे. उत्तरेकडच्या एका गोठेवाल्याचा हा मुलगा. त्याला सगळे लिंडी म्हणत.

ऑर्लँडोच्या आईच्या, अर्नेस्टीनबाईंच्या चर्चमध्ये पाद्रीबुवा प्रवचन सांगता सांगता गाऊ लागत. ते संकटाची एक ओळ फेकत आणि मंडळी 'तो आहे', म्हणजे देव आहे, असे उत्तर देत. मी ते चर्च तेव्हा पाहिलेले नव्हते, पण गाणे माझ्या गाद्यांत घामाबरोबर मुरले होते. कारण चेंडूवर हात ठेवण्याआधी ऑर्लँडो दर वेळी ते गुणगुणे. ऐकून ऐकून लिंडीलाही ते पाठ झाले.

"पाणी चढलं, कोण आहे?" लिंडी विचारी.

"तो आहे!" ऑर्लँडो सांगे.

"वाट बुडाली, कोण आहे?"

"तो आहे! आणि तू बेसूर आहेस."

त्या वर्षी पाणी खरोखरच चढत गेले. आम्ही पहिला सामना हरलो, दुसरा हरलो, आणि मग हरतच राहिलो. आमच्या गावात एक रीत होती. संघ फार हरू लागला की प्रेक्षक डोक्यावर कागदी पिशव्या घालून येत, डोळ्यांपुरती दोन भोके पाडून. आधी एखाददुसरा असे. मग ओळीच्या ओळी दिसू लागल्या. मित्रांनो, हजारो माणसे समोर बसली आहेत आणि एकालाही चेहरा नाही, हे दृश्य मी जाळीआडून पाहत असे. माझ्या आत ऑर्लँडोचे कपाळ थंड पडे.

अर्नेस्टीनबाई मात्र उघड्या तोंडाने बसत. शेजारच्या एकाने त्यांना पिशवी पुढे केली तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेव तुझ्याकडेच. तुझ्या तोंडाला ती शोभतेय."

याहून मोठी भीती सोमवारची होती. एक माणूस हळूच येऊन खांद्यावर हात ठेवी आणि म्हणे, "कोचनी बोलावलंय. डावपेचांची वही घेऊन ये." वही परत मागितली की समजायचे, घरी जा. मग एक खुंटी रिकामी होई, आणि त्या खुंटीकडे कुणी बघत नसे.

या भीतीतूनच सगळे शहाणे एक खुळेपणा करत. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होण्याआधी डॉक्टर प्रत्येकाची परीक्षा घेत. शब्द लक्षात ठेवायचे, चित्रे ओळखायची. पुढे डोक्याला मार बसलाच तर तीच परीक्षा पुन्हा घेऊन फरक पाहायचा. पण गडी ऑगस्टमध्येच मुद्दाम चुका करत. ऑर्लँडोनेही केल्या.

"आत्ता येडा झालो, की डिसेंबरात कुणाला कळत नाही," तो हसून म्हणाला होता.

हिवाळा लागताना एका सामन्यात त्याला असा धक्का बसला की माझ्या आत क्षणभर सारे शांत झाले. श्वाससुद्धा नाही. डॉक्टरांनी परीक्षा घेतली. गुण ऑगस्टइतकेच आले. डॉक्टर म्हणाले, "ठीक दिसतोस." ऑर्लँडो हसला. पण त्यानंतर मला घालताना त्याची बोटे पट्टा शोधत चाचपडत, आणि दिव्याकडे तोंड करणे तो टाळी. मला हे ठाऊक होते, पण मला तोंड कुठे होते? जाळी होती फक्त.

शेवटचा सामना आला. बर्फ पडत होते. हाही हरलो तर एकही विजय न मिळालेला संघ म्हणून जन्मभर ओळखले जाणार होतो. पण त्या दिवशी आम्ही बरोबरीने झुंजत होतो. काही पिशव्या तर डोक्यावरून उतरल्याही होत्या. आणि तेवढ्यात, अगदी मोक्याच्या वेळी, समोरच्या गड्याचे डोके माझ्यावर आदळले. माझ्या कवचाला चीर गेली.

ऑर्लँडो उठला, रांगेत येऊन वाकला. चेंडूवर हात ठेवला. पण गुणगुणला नाही.

लिंडीने मान वळवली. "पाणी चढलं, कोण आहे?"

उत्तर नाही.

"ऑर्ली, वाट बुडाली, कोण आहे?"

माझ्या आत एक बारीक आवाज आला, लहान मुलाचा असावा तसा. "आई, दिवा लाव ना."

लिंडी ताडकन उभा राहिला. हात वर करून तो पंचांकडे पाहून ओरडू लागला, "थांबवा! याला बाहेर न्या!"

"गप खाली बस, गाढवा!" आमचाच एकजण खेकसला. "जिंकायला आलोय आपण!"

पण खेळ थांबला. कडेला डॉक्टरांनी मला उतरवायला लावून प्रश्न विचारले आणि ऑर्लँडोने घोकलेली उत्तरे दिली. डॉक्टर घुटमळले. लिंडी म्हणाला, "डॉक्टर, तुमची परीक्षा त्याला येते हो. त्याला गाणं आठवत नाहीये. आईचं गाणं!"

डॉक्टरांनी वॉल्टकडे पाहून नुसती मान हलवली. वॉल्टने मला उचलले, आपल्या जाड कोटाखाली लपवले आणि बाकावर कोट पांघरून बसला. हेल्मेट नाही तर मैदान नाही. हा आमच्याकडचा शेवटचा उपाय.

आत काळोख होता. बाहेर ऑर्लँडो गरजत होता. "माझं हेल्मेट कुठाय? म्हाताऱ्या, दे म्हणतो ना! मला काढून टाकतील रे!" त्याने बाके उलथली. वॉल्टचे हृदय माझ्या चिरेला लागून धडधडत होते. हा आता कोट ओढणार, मी दिसणार, आणि मग?

तेव्हा कठड्यापाशी आवाज आला. अर्नेस्टीनबाई पायऱ्या उतरून आल्या होत्या. बर्फात, उघड्या तोंडाने त्या गात होत्या. "पाणी चढलं, कोण आहे?"

ऑर्लँडो थांबला. ओठ हलले. शब्द सापडेना. "आई," तो म्हणाला, "मला येत होतं ना गं हे?" आणि एवढा डोंगर माणूस मटकन खाली बसला. त्या वर्षात प्रथमच तो उघडपणे घाबरला होता, आणि त्या घाबरण्यानेच तो वाचला. त्याच्या डोक्यात रक्त साचले होते. आणखी एक धक्का आणि संपलेच असते, असे इस्पितळात सांगितले.

त्याच्या जागी आलेल्या गड्याने चेंडू मागे दिला, तो सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. आम्ही हरलो. सारा हंगाम हरलो. पिशव्या पुन्हा चढल्या.

वॉल्टने मला अर्नेस्टीनबाईंना दिले. आता मी त्यांच्या चर्चमध्ये, तुम्हा मुलांच्या या खोलीत, फळीवर असते. चिरेत बोट घालू नका, टोचेल. ऑर्लँडो रविवारी मागच्या बाकावर बसतो. त्याचे उत्तर सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा येते. पण येते.

मित्रांनो, मी कितीही कठीण असले तरी मला आतला मेंदू धरून ठेवता येत नाही. डोके दुखते म्हणणाऱ्याला भित्रा म्हणू नका. आणि स्वतःचे दुखत असेल तर सांगा.

आता माझे मागणे. त्या सोमवारी लिंडीच्या खांद्यावर हात पडला. "वही घेऊन ये." गावाने त्याला सामना घालवणारा म्हटले. कुठल्याही संघाने मग त्याला घेतले नाही. तो उत्तरेला आपल्या गायींकडे गेला. त्याच्या नावाची पाटी इथे कुठेच नाही. म्हणून रविवारी पाद्रीबुवा "कोण आहे?" असे विचारतील, तेव्हा उत्तर देण्याआधी क्षणभर हॅल्वर लिंडक्विस्टची आठवण काढा. त्याने हाक मारली होती, आणि उत्तर आले नाही म्हणून तो उभा राहिला होता.